काकांचं खातं कोणी चालवायचं: कार्ड, जोडखातं, मॅन्डेट की मुखत्यारपत्र?

मिरजेच्या काकांचा सोसायटीला दिलेला चेक परत आला, तेव्हा आम्हाला कळलं की अर्धांगवायूने त्यांच्या पायांबरोबर त्यांची सहीही नेली आहे. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यभर रजिस्टरात एकाच वळणाची सही करत आलेला. आता पहिलं अक्षर काढतानाच पेन खाली घसरायचं. मी स्लिप आणि पासबुक घेऊन बँकेत गेले, तर काउंटरवरून उत्तर मिळालं, "सही जुळत नाही. त्यांनाच घेऊन या." ज्यांना दुसऱ्या मजल्यावरून उतरवायला चार माणसं लागतात, त्यांना घेऊन या म्हणे. पेन्शन दर महिन्याला जमा होत होती आणि औषधांचे पैसे मी माझ्या खात्यातून भरत होते.

काकू गेलेल्या, मुलगा कॅनडात. कोणीतरी खातं चालवायलाच हवं होतं. त्या दोन महिन्यांत जे पर्याय समजून घेतले ते इथे शेजारी शेजारी ठेवते, कारण प्रत्येकाने मला वेगळाच सल्ला दिला होता आणि बरेचसे अर्धवट होते.

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा मार्ग म्हणजे कार्ड आणि पिन घरातल्या कोणाकडे तरी देणं. कृपा करून हा कायमचा मार्ग करू नका. रिझर्व्ह बँकेचे नियम खातेदाराला फसवणुकीत चांगलं संरक्षण देतात. चूक बँकेची नाही आणि खातेदाराचीही नाही, अशा व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर खातेदारावर भुर्दंड पडत नाही. पण पिन किंवा पासवर्ड स्वतःहून दुसऱ्याला दिला आणि त्यातून नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचं. शिवाय उताऱ्यावर फक्त 'एटीएम' आणि रक्कम दिसते. दोन वर्षांनी एखाद्या भावाने विचारलं, "हे चाळीस हजार कशाला काढले होते?" तर तुमच्याकडे कागद नसतो.

दुसरा सल्ला हमखास मिळतो: "तुझं नाव टाकून घे." जोडखात्यात नाव टाकताना फॉर्मवर कोणती चौकट भरता त्यावर सगळं अवलंबून आहे. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' असेल तर दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने पैसे काढू शकतं. 'पहिला किंवा हयात' असेल तर पहिला खातेदार जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला हात लावता येत नाही, म्हणजे आजारपणात त्याचा उपयोग शून्य. ही चूक मी दोन घरांत पाहिली आहे. मुदत ठेवीचं आणखी वेगळं: बचत खात्यावर एकाची सही चालते, म्हणून ठेवही एकाच्या सहीने मुदतीआधी मोडता येईल असं धरून चालू नका. तिथे साधारणपणे दोघांच्याही सह्या मागतात.

काकांच्या बाबतीत मात्र हा रस्ता पहिल्याच पायरीवर अडला. केंद्र सरकारची पेन्शन जमा होणारं खातं एकट्याच्या नावावर असतं किंवा जोडीदाराबरोबर. पुतणीचं नाव तिथे येत नाही. आणि जिथे येतं तिथेही लक्षात ठेवा, मागे राहिलेल्या खातेदाराला बँक पैसे देते म्हणजे ते पैसे त्याचेच होतात असं नाही. वारसांचा हक्क तसाच राहतो. नॉमिनीचंही तेच. नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा विश्वस्त, आणि तोही खातेदाराच्या मृत्यूनंतरच. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, पण त्या चौघांपैकी एकालाही खातेदार हयात असताना पासबुकसुद्धा भरून मागता येणार नाही.

मग राहतात मॅन्डेट आणि मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी), आणि खरी तुलना या दोघांत आहे.

मॅन्डेट म्हणजे बँकेच्याच फॉर्मवर खातेदाराने लिहून दिलेली परवानगी: माझं हे खातं अमुक व्यक्ती चालवेल. तुमची सही बँक नोंदवून घेते, केवायसीची कागदपत्रं मागते, आणि त्यानंतर तुमच्या सहीचा चेक चालतो. वकील लागत नाही, नोटरी लागत नाही. परवानगी त्या एका बँकेतल्या त्या खात्यापुरती. खातं बंद करणं, कर्ज काढणं, नॉमिनी बदलणं यात सहसा येत नाही, आणि मला ही त्याची उणीव नाही तर मोठी सोय वाटते. काकांना मनातून शांत वाटलं ते याच मुद्द्यावर. "म्हणजे घर वगैरे काही नाही ना गं यात?" असं त्यांनी तीनदा विचारलं. काही नाही, आणि उद्या नको वाटलं तर एका पत्राने रद्द.

मुखत्यारपत्राची ताकद मोठी. स्टॅम्पपेपरवर केलेला, नोटरी किंवा नोंदणी झालेला हा दस्त अनेक बँका, पोस्ट, शेअर, जागेचे व्यवहार असं सगळं एकत्र सांभाळू शकतो. दोन-तीन बँकांत खाती आणि सांगलीकडे शेत असा पसारा असेल तर हेच करावं, पण सगळे अधिकार एकदम देणारं कुलमुखत्यारपत्र नको. कामांची यादी लिहिलेलं विशेष मुखत्यारपत्र करा, आणि मसुदा आधी शाखेत दाखवा. 'बँकेचे सर्व व्यवहार' एवढ्या एका ओळीवर शाखा अडून बसते. खातेदार परदेशात असेल तर सही तिथल्या भारतीय वकिलातीत करतात आणि दस्त भारतात आल्यापासून तीन महिन्यांत इथला मुद्रांक भरावा लागतो.

दोन्हींची मर्यादा मात्र एकच, आणि ही गोष्ट मला कोणीही आधी सांगितली नव्हती. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणारा गेला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की असा अधिकार संपतो. स्मृतिभ्रंश पुढे गेल्यावर जुनं मुखत्यारपत्र दाखवून ठेव मोडायला जाणारे लोक तिथेच अडकतात. मग उच्च न्यायालयात पालक नेमून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं आणि बँका ते मानतात. म्हातारपणातल्या विसराळूपणाला तो आडमार्ग नाही. म्हणून काका-आजोबा अजून हिशोब नीट सांगत असतील तर याच महिन्यात शाखेत जा.

आणि ज्यांचं डोकं शाबूत आहे, फक्त हात चालत नाही, त्यांच्यासाठी तर यातलं काहीच सक्तीचं नाही. आजारी खातेदाराचा अंगठा, तोही उमटत नसेल तर पायाचा, दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घेऊन पैसे द्यावेत, त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. पैसे कोणाच्या हाती द्यायचे तेही खातेदारच सांगतो. सत्तरीपुढच्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना रोख रक्कम, डिमांड ड्राफ्ट घरपोच देणं, केवायसी आणि हयातीचा दाखला घरून नेणं, हेही बँकांना सांगितलेलं आहे. काउंटरवर "घेऊन या" म्हणाले तर हुज्जत घालू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, खातेदाराच्या वतीने अधिकारपत्र घेऊन तुम्हीही करू शकता.

माझ्या लेखी अर्जानंतर आठवड्याने एक अधिकारी घरी आले. काकांनी सकाळपासून स्वच्छ सदरा घालून ठेवला होता. अधिकाऱ्यांनी शाईचं पॅड मांडीवर धरलं, काकांचा डावा अंगठा स्वतः हलकेच फिरवला, आणि मॅन्डेटचा फॉर्म त्यांना शब्द न् शब्द वाचून दाखवला. शेजारचे जोशीकाका दुसरे साक्षीदार.

आमचं सध्याचं गणित असं. पेन्शनच्या खात्यावर माझं मॅन्डेट. त्याशिवाय काका आणि मी, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' असं एक वेगळं छोटं बचत खातं, ज्यात दर महिन्याच्या पाच तारखेला पेन्शनमधून वीस हजार आपोआप जातात. औषधं, बाई, लाईटबिल, सोसायटी सगळं त्यातून. कार्ड फक्त त्याच छोट्या खात्याचं, त्यामुळे काही घोटाळा झालाच तर मोठ्या रकमेला धक्का नाही. वहीत बिलं चिकटवते आणि महिनाअखेर पानाचा फोटो कॅनडाला पाठवते. पैसे उरलेच तर काका म्हणतात, "राहू दे, नोव्हेंबरात दाखला द्यायला येतील त्या बँकेच्या साहेबांसाठी पेढे आण."