वायरवर कॉल नीट, वायफायवर तुटका: ओपनडब्ल्यूआरटी आणि एसक्यूएम आठ महिने वापरल्यावर

अशोक चौकाजवळ आमचं घर आहे. खाली माग, वर राहणं. टॉवेलचे नमुने आता व्हिडिओ कॉलवरच दाखवावे लागतात. किनार कॅमेऱ्याजवळ धरायची आणि गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐकायचं, तर त्याचाच आवाज तुटायचा. दोनदा नगांचा आकडा चुकीचा ऐकला. लाइन १०० एमबीपीएसची, स्पीड टेस्टही चांगली यायची. म्हणून जुन्या राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरची मोफत प्रणाली टाकून एसक्यूएम बसवलं, म्हणजे लाइन भरली तरी पॅकेटं रांगेत तुंबू न देणारी सोय. त्यात रांग लावायची पद्धत म्हणून केक निवडलं, चढत्या-उतरत्या दोन्ही बाजूंना ९० एमबीपीएसची मर्यादा घातली.

पहिल्या आठवड्यात वायरवरचा संगणक एकदम सुधारला. मोठी फाइल चढत असतानाही कॉल हलत नव्हता. वायफायवर मात्र तेच रडगाणं. कुणीतरी सांगितलं म्हणून डब्ल्यूएमएम (वायफायवर कुठलं पॅकेट आधी जाईल ते ठरवणारी सोय) बंद केलं, तर जोडणीचा वेग ५४ एमबीपीएसच्या वर जाईना. ८०२.११एन या वायफाय मानकाच्या आणि त्यापुढच्या वेगांना डब्ल्यूएमएम लागतंच. तो सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, वायरवर होतंय आणि हवेत होत नाही, म्हणजे लाइनीचा दोष नाही.” तिथून खरा शोध सुरू झाला. राऊटरवर टीसीपीडम्प हे पॅकेटं बघायचं साधन चालवून बाहेरून येणारी पॅकेटं पाहिली. ओळीमागून ओळ, सगळीकडे ‘टीओएस ०एक्स२०’. म्हणजे डीएससीपी, पॅकेटावरची प्राधान्याची खूण, ८; तिला सीएस१ म्हणतात. अर्थ असा की हे काम मागे राहिलं तरी चालेल. आमच्या कॉलच्या पॅकेटांवर ही खूण वाटेत कुठेतरी बसत होती. सेवा देणाऱ्यांना फोन केला, त्यांनी राऊटर बंद करून चालू करायला सांगितलं.

वायरवर ही खूण कुणी विचारात घेत नव्हतं. वायफाय मात्र घेतं. डब्ल्यूएमएमच्या चार रांगा असतात: आवाज, व्हिडिओ, साधी आणि पार्श्वभूमी. राऊटर डीएससीपीचे वरचे तीन बिट बघून रांग ठरवतो आणि ८ थेट पार्श्वभूमीत जातं. हवा मोकळी झाल्यावर साध्या रांगेतलं पॅकेट ३ स्लॉट थांबतं, पार्श्वभूमीतलं ७. खाली मागांवर तीन कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवर दिवसभर रेकॉर्डिंग चढवतात, साध्या रांगेतून. जाड भिंतींमुळे आमचे फोनही तिथेच. कॅमेरे सुरू असले की कॉलला जागा मिळायची ती उरलीसुरली.

एसक्यूएमच्या प्रगत पर्यायांत आत येणाऱ्या पॅकेटांचं डीएससीपी स्क्वॉश करायची, म्हणजे पुसून टाकायची, सोय आहे. कॉलच्या खुणा टिकाव्यात म्हणून मीच तिथे ‘करू नका’ निवडून ठेवलं होतं. ते बदललं आणि त्याच संध्याकाळी पलीकडून आलेलं “बाराशे नग” स्वच्छ ऐकू आलं. आईनेही वरून विचारलं, आज ओरडून बोलत नाहीस का.

मग आवाजाला आवाजाच्या रांगेत बसवायच्या मागे लागलो. आवाजासाठीच्या ४६ या खुणेचे वरचे तीन बिट ५ होतात, त्यामुळे ती व्हिडिओत पडते. आरएफसी ८३२५ या २०१८ च्या इंटरनेट मानकाने ६, म्हणजे आवाजाची रांग, सुचवलंय. क्यूओएस मॅप, म्हणजे कोणती खूण कुठल्या रांगेत जाईल याचा तक्ता, लिहिण्यात दोन रविवार गेले, पण कानाला फरक कळला नाही. पार्श्वभूमीतून बाहेर पडणं हेच खरं औषध होतं.

आठ महिन्यांत दोन वेळा बिघडलं. एकदा फर्मवेअर बदलल्यावर सेटिंग राहिली, पण एसक्यूएमचं पॅकेज गेलं, पुन्हा टाकावं लागलं. दुसऱ्यांदा हार्डवेअर ऑफलोडिंग, म्हणजे प्रोसेसरऐवजी चिपकडूनच पॅकेटं पुढे ढकलायची सोय, चालू करून बसलो. ते चालू असलं की पॅकेटं एसक्यूएमला टाळून जातात. मे महिन्याच्या उन्हात राऊटर तापायचा. जाळी उघडली तर आत सुताचं तूस भरलेलं. आता दर पंधरवड्याला ब्रशने काढतो. केकला प्रोसेसर बराच लागतो, त्यामुळे ३०० एमबीपीएसच्या लाइनीला हा राऊटर पुरणार नाही. १०० ला पुरतोय. कॅमेऱ्यांसाठी लॅनची केबल आणून ठेवली आहे, माग बंद असेल त्या दिवशी ओढून घेणार.