चोवीस खिशांचं कापडी ॲडव्हेंट कॅलेंडर: नाताळपासून आतापर्यंतचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही लेकीसाठी भिंतीवर टांगायचं कापडी ॲडव्हेंट कॅलेंडर, म्हणजे नाताळपर्यंतचे दिवस मोजायचं कॅलेंडर, घेतलं. तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. नाताळ होऊन बरेच महिने झाले, कॅलेंडर अजून भिंतीवरच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वस्तू अगदी साधी. जाड फेल्टचा (लोकरीसारख्या दाट कापडाचा) पडदा, त्यावर १ ते २४ आकड्यांचे खिसे आणि दोरीला बांधलेली एक लाकडी चांदणी. १ डिसेंबरपासून रोज एक खिसा उघडायचा आणि चांदणी त्या खिशात सरकवायची. चांदणी २४ वर पोचली की दुसऱ्या दिवशी नाताळ.

या वयात ‘अजून तीन आठवडे’ म्हटलं तर मुलांना काही बोध होत नाही. त्यामुळे ‘नाताळ कधी?’ हे दिवसभर चालू राहतं आणि आपण ‘थांब गं जरा’ म्हणत राहतो. पहिला फरक पडला तो इथेच. तिने विचारलं की मी म्हणायचे, ‘जा, बघून ये.’ मग ती चांदणीपासून पुढचा एकेक खिसा बोटाने दाबत मोजायची. पंधरा हमखास गाळला जायचा, पण उरलेले खिसे कमी होताहेत हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं. ही कल्पना तशी जुनीच. १९ व्या शतकात जर्मनीतल्या घरांत दारावर खडूने २४ रेघा ओढत आणि मुलं रोज एक पुसत. हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांची संस्था चालवणाऱ्या योहान विखर्न यांनी १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून रोज एक पेटवायला सुरुवात केली, तीही मुलांना उरलेले दिवस दिसावेत म्हणूनच.

खिशात काय घालायचं, यावर आमचा बराच विचार झाला. रोज चॉकलेट ठेवलं तर मूल नाताळची वाट न बघता चॉकलेटची बघेल असं मला वाटत होतं. आम्ही चिठ्ठ्या ठेवल्या. ‘आजीला कार्ड’, ‘कागदाची साखळी’, ‘गोठ्यात आज एक मेंढरू’. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीत बाळाची जागा २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची हे तिला फार आवडलं. देखाव्यातल्या मेंढपाळांना ती रोज सांगायची, ‘बाळ अजून यायचंय.’

४ तारखेच्या चिठ्ठीत ‘गहू पेरायचे’ होतं. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात त्या दिवशी, म्हणजे संत बार्बराच्या सणाला, ओल्या कापसावर गहू ठेवतात आणि नाताळपर्यंत हिरवे कोंब वर येतात. आमच्या बशीत पहिले दोन दिवस नुसते फुगलेले दाणे. तिने एक दाणा उचलून उलटसुलट पाहिला, ‘हा झोपलाय’ म्हणाली आणि परत ठेवला. या चोवीस दिवसांत मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच. गव्हाला घाई करता येत नाही, रडून काही होत नाही, फक्त कापूस ओला ठेवायचा. ते काम तिने मनापासून केलं.

एक युक्ती जरूर करा. चोवीसही चिठ्ठ्या आधीच भरून ठेवू नका. आदल्या रात्री फक्त उद्याचीच ठेवा. पुढचे खिसे रिकामे असले की डोकावण्यात काही हशील नसतं. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या स्टॅनफर्डमधल्या मार्शमेलोच्या (मऊ, गोड खाऊच्या) प्रयोगांत थांबलं तर जास्त चांगला खाऊ मिळेल असं मुलांना सांगत. तिथेही खाऊ समोर दिसत असताना मुलांना थांबणं जड गेलं, आणि तो नजरेआड ठेवल्यावर ती बरीच जास्त वेळ थांबली. त्यामुळे बांधलेल्या भेटीही आम्ही झाडाखाली २४ च्या संध्याकाळीच आणल्या.

याहून मोठी गोष्ट म्हणजे दिलेला शब्द. रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये छापलेल्या प्रयोगात मुलांना आधी चांगलं चित्रकलेचं सामान आणून देतो असं सांगितलं. काहींना ते आणून दिलं, काहींना ‘नाहीये’ म्हणून सांगितलं. मग एक मार्शमेलो पुढे ठेवला आणि न खाता थांबलात तर दुसराही देऊ असं सांगितलं. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, दुसरी जेमतेम ३. मूल थांबतं ते थांबल्यावर खरंच मिळतं हे ठाऊक असतं म्हणून. म्हणून चिठ्ठीत जमेल तेवढंच लिहा. दमून घरी आल्यावरही दहा मिनिटांत होईल असंच काम असावं.

आता खटकलेलं. आकडे शिवलेले नाहीत, नुसते चिकटवलेले आहेत. दुसऱ्या आठवड्यात ७ आणि १९ निघाले, ते मी टाके घालून बसवले. खिसे उथळ आहेत, घडी केलेल्या चिठ्ठीपलीकडे फार काही मावत नाही. फेल्टवर धूळ बसते. शिवाय पहिल्या आठवड्यात तिची उत्सुकता कमी होण्याऐवजी वाढली, पहाटेच उठून ती कॅलेंडरपाशी जायची. रोज नाश्त्यानंतरच खिसा उघडायचा असं ठरवल्यावर ते निवळलं.

नाताळनंतर तेच कॅलेंडर वाढदिवसासाठी वापरलं, बाबा कामासाठी बाहेरगावी गेला तेव्हाही वापरलं. आता चांदणी कुठे ठेवायची हे तीच विचारते. पण याची मर्यादाही सांगते. ठरलेल्या तारखेची वाट बघायला ते उत्तम, झोपाळ्यावर आपली पाळी येईपर्यंत थांबायला त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे अजून रोज समजवावंच लागतं.

चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी मी नक्की सुचवेन. तीनच्या आतलं मूल असेल तर शेवटचे पाच-सहाच खिसे वापरा, चोवीस त्याला झेपत नाहीत. घेताना आकडे शिवलेले आहेत ना, आणि चांदणीची दोरी सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत पोचते ना, एवढं पाहून घ्या. आमची जेमतेम पोचते.