डायनमोवरून आतली बॅटरी: 30 अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरचा पावसाळा ते उन्हाळा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कॅम्पर व्हॅनमध्ये 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला. इंजिन चालू असताना डायनमोच्या विजेवर आतली, म्हणजे फ्रिज-पंख्यांची वेगळी बॅटरी भरणं हे त्याचं काम. आता वैशाख संपत आलाय. ज्या दिवसांत हा चार्जर सगळ्यात जास्त लागतो, नेमक्या त्याच दिवसांत तो सगळ्यात चांगला चालतो, हे मला वापरल्यावरच कळलं. उन्हाळ्यात तो मरगळतो, पण तेव्हा त्याच्यावाचून अडतही नाही.

गाडी म्हणजे मोठी डिझेल व्हॅन, बीएस 6. सीटखाली 12.8 व्होल्टची 200 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, छतावर 300 वॉटचं सोलर. आतला खर्च साधा आहे. कॉम्प्रेसरवाला फ्रिज दिवसाला 30 ते 40 अँपिअर-तास खातो, पंखे, दिवे आणि मोबाईल मिळून वीसेक. म्हणजे साठाचा हिशोब. इंडक्शनवर भात-आमटी केली की त्यात आणखी 40-50 मिळवा.

मार्च-एप्रिलमध्ये एवढं सोलर सहज भरून काढतं. आषाढात गुहागरला गाडी लावून बसा, मग कळतं. आभाळ उतरून समुद्राला टेकलेलं, पॅनेलवर पाण्याचा पडदा, आणि दिवसभरात पंधरा अँपिअर-तास आले तरी नशीब. तेव्हा इंजिनाखेरीज दुसरा दाता नाही.

मग गाडीच्या बॅटरीवरून एक जाड वायर आणि रिले टाकून दोन्ही बॅटऱ्या सरळ जोडल्या तर? बऱ्याच गाड्यांत असंच आहे, आणि आत ट्युब्युलर इन्व्हर्टर बॅटरी असेल तर बरं चालतंही. लेड-अॅसिड बॅटरी भरत आली की स्वतःच करंट कमी घेते. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी की ती मिळेल तेवढं ओढत राहते. डायनमोवर लिहिलेला आकडा काही तास न् तास देण्यासाठी नसतो. ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद फिरतंय, डायनमोचा पंखाही मंद, आणि त्याच वेळी पूर्ण ताकदीची मागणी, अशाने तो भाजून निघतो. शिवाय चालू चार्जिंगमध्ये लिथियमच्या बीएमएसने (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या तिच्या आतल्या सर्किटने) अचानक जोडणी तोडली, तर व्होल्टेज उसळून डायनमोचे डायोड जाऊ शकतात. डीसी-डीसी चार्जर मधे असला की तो ठरलेल्या 30 अँपिअरच्या वर काही मागत नाही, आणि आतल्या बॅटरीला तिचे 14.2 व्होल्ट नीट देतो.

बीएस 6 गाड्यांत आणखी एक भानगड आहे. यातल्या बऱ्याच गाड्यांचा डायनमो इंधन वाचवायला व्होल्टेज खालीवर करतो. सपाट रस्त्यावर एका वेगाने चाललात की 12.6 पर्यंत उतरतो, उतारावर पाय काढला की 14.8 वर जातो. चार्जर व्होल्टेज बघून इंजिन चालू की बंद हे ठरवत असेल, तर एक्सप्रेसवेवर तो मधेच गप्प बसतो. आमचाही बसायचा. इग्निशनवरून सेन्सची वायर, म्हणजे इंजिन चालू असल्याची खूण देणारी वायर, आणून दिल्यावर प्रश्न मिटला. चार्जर घेताना ही सोय आहे का, ते आधी बघा. चार्जरची निगेटिव्ह वायर मात्र गाडीच्या बॅटरीच्या टोकावर कसू नका, तिथे गाडीचा करंट सेन्सर असतो. चॅसिसवर अर्थ द्या, नाहीतर गाडीचा हिशोब चुकतो.

आता वायर. माझ्या मते या कामातलं खरं यश-अपयश इथेच आहे. चार्जर 30 अँपिअर देतो तेव्हा इंजिनाकडून साधारण 35-36 घेतो, कारण मधे उष्णतेत काही जातंच. इंजिनापासून मागे पाच मीटर धरले तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. 6 चौरस मिलिमीटरच्या वायरीत एवढ्या करंटला एक व्होल्ट गळतो, 16 मध्ये 0.4 च्या आत. आम्ही वेल्डिंग केबल वापरली, 25 ची. लवचिक असते आणि चांगल्या मेकची असेल तर शुद्ध तांब्याची. पुण्यात तपकीर गल्लीत फिरलात तर कार ऑडिओची जाडजूड वायर स्वस्तात दाखवतील. टोक खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांजवळ हवा, कारण वायर कुठेही घासली तरी दोन्हीकडून करंट येणार आहे. (पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली मुक्कामाला येतात. कोरुगेटेड पाइपचा खर्च वाचवू नका.)

आता प्रत्यक्ष आकडे. पुण्याहून उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट करत चिपळूण आणि पुढे गुहागर, असा जुलैतला प्रवास. वायपर, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू असूनही करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर आकडा 29-30 अँपिअरवरून हलला नाही. जवळजवळ रिकामी निघालेली बॅटरी पोचेपर्यंत भरली होती. हाच रस्ता मे महिन्यात केला तर घाट चढताना 21. चार्जर बिघडलेला नव्हता. 40 अंशांच्या पुढे प्रत्येक अंशाला 3 टक्के कपात, असं त्याच्या पुस्तिकेतच आहे, आणि सीटमागच्या कप्प्यात 50 अंश सहज होतात. कप्प्याला खालून-वरून जाळी आणि एक छोटा पंखा लावल्यावर 25-26 वर आलं. त्यापुढे मी खटपट केली नाही, छतावरून तेव्हा भरपूर येत असतं.

किनाऱ्याकिनाऱ्याने भटकायला मात्र हा उपाय तोकडा पडतो. वेशवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी घेत जाणाऱ्याचं इंजिन चालतं कमी आणि थांबतं जास्त. अर्ध्या तासाच्या टप्प्यात पंधरा अँपिअर-तास मिळतात, म्हणजे फ्रिजचासुद्धा दिवस भागत नाही. त्यावर 'जागेवरच इंजिन चालू ठेवा' असा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. बीएस 6 डिझेल तासन् तास आयडलवर ठेवलं की डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साठते, शेजारच्या तंबूवाल्यांच्या शिव्या वेगळ्या.

स्पितीला वगैरे नेणार असाल तर शून्य अंशाखाली लिथियम चार्ज होऊ देत नाही अशी बीएमएस हवीच. आमच्या महाबळेश्वरच्या थंडीत तिला काही काम पडलं नाही.

पुन्हा घेतला तरी मी 30 चाच घेईन. 50 वाल्याचा मोह होतो, पण त्याआधी इंजिन आयडलवर, एसी आणि हेडलाइट चालू ठेवून गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज बघा. ते तेव्हाच डळमळत असेल, तर मोठा चार्जर दुकानातच राहू द्या. आणि एकाच जागी चार-चार दिवस तळ ठोकणारे असाल, तर हे पैसे आणखी एका पॅनेलवर आणि कॅम्पसाइटच्या 15 अँपिअरच्या प्लगपर्यंत पोचणाऱ्या लांब वायरीवर घाला.