बार्सिलोनातील ‘कान कुल्येरेतेस’ : सणाचे जेवण रोजच्या पंगतीला

बार्सिलोनाच्या जुन्या गॉथिक भागात, ला रांबला या सदैव गजबजलेल्या रस्त्यालगत किंताना नावाची अरुंद गल्ली आहे. तिथे १७८६ साली सुरू झालेले ‘कान कुल्येरेतेस’ आजही चालू आहे. माद्रिदच्या ‘बोतीन’नंतर (१७२५) स्पेनमधील सर्वांत जुने उपाहारगृह म्हणून त्याचे नाव घेतले जाते. प्रारंभी येथे चॉकलेट आणि गोड पदार्थ मिळत, पुढे पूर्ण जेवण मिळू लागले आणि १९५८ पासून एकच कुटुंब ते चालवीत आहे. एवढी माहिती कोणत्याही प्रवासपुस्तिकेत मिळते. मात्र मराठवाड्यातून तिकडे जाणाऱ्यांनी येथे आवर्जून जावे असे मी म्हणतो ते वयामुळे नव्हे, तर पानात पडणाऱ्या अन्नामुळे.

कानेलोन्स हा पदार्थ त्याची उत्तम साक्ष देतो. नाताळच्या दिवशी शिजवलेले मांस उरते, ते बारीक करून पिठाच्या पातळ पोळ्यांत गुंडाळायचे, वर दुधा-मैद्याचा दाट पांढरा सॉस आणि चीज घालून भट्टीत भाजायचे आणि २६ डिसेंबरला, संत एस्तेवेच्या सणाला, सर्वांनी मिळून खायचे, अशी कॅटलान, म्हणजे बार्सिलोना ज्या कॅटलोनिया प्रांतात आहे तिथल्या, घरांची रीत आहे. येथे ते एरवीही मिळतात. माझ्यापुढे आलेल्या थाळीत कडेचा सॉस अजून खदखदत होता, वरचा पापुद्रा तपकिरी झाला होता आणि काटा लावताच आतले मऊ सारण बाहेर आले. तिखटाची सवय असलेल्या जिभेला पहिला घास सौम्य वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला मात्र मांसाची आणि मंद परतलेल्या कांद्याची खोल चव जाणवू लागते.

हा कांदाच कॅटलान स्वयंपाकाचा पाया आहे. ऑलिव्ह तेलात तो पुष्कळ वेळ परतून, त्यात टोमॅटो आटवून ‘सोफ्रेजित’ तयार होते, आणि रस्सा उतरवण्यापूर्वी त्यात ‘पिकादा’ पडते. बदाम किंवा हेझलनट, लसूण, तळलेला पाव आणि पार्सली खलबत्त्यात कुटून केलेले हे वाटण रश्श्याला दाटपणा आणि खमंगपणा देते. काही ठिकाणी त्यात थोडे चॉकलेटही घालतात. भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले दळून केलेला आपला येसर आमटीत जे काम करतो, नेमके तेच हे. येथील रानडुकराच्या मांसाचा गडद रस्सा पावाने पुसून खाताना मला लग्नाच्या पंगतीतली येसर आमटी आठवली आणि वाईटही वाटले, कारण आपल्या शहरांतील हॉटेलांच्या मेनूकार्डावर पनीरचे दहा प्रकार असतात, येसराचा मात्र पत्ता नसतो. घरचे अन्न बाहेरच्या माणसाला अभिमानाने वाढता येते, हे या जागेने मला फार स्पष्ट दाखवले.

शाकाहारी मंडळींनी सावध राहावे. कॅटलान स्वयंपाकात डुकराचे मांस आणि चरबी सर्वदूर आहे, त्यामुळे भाजीच्या पदार्थाबद्दलही आधी विचारून घेणे इष्ट. विस्तवावर भाजलेली वांगी व ढोबळी मिरची सोलून, ऑलिव्ह तेल घालून वाढतात ती ‘एस्कालिवादा’, आणि टोमॅटो चोळलेला पाव, हे दोन पदार्थ या प्रदेशात कोठेही शाकाहाऱ्याचा आधार ठरतात. मनुका व चिलगोजे घातलेला पालक फार सुरेख लागतो, पण त्यातही कधी खारवलेले मांस असते.

आतल्या दालनांत मोठी तैलचित्रे आहेत आणि येऊन गेलेल्या नामवंतांच्या छायाचित्रांनी भिंती भरून गेल्या आहेत. ती पाहण्यात वेळ जातो, तरी गोडासाठी पोटात जागा ठेवावी. ‘क्रेमा कॅटलाना’ म्हणजे लिंबाची साल आणि दालचिनी घालून दाट केलेले अंडे-दुधाचे क्रीम. वरची जळवलेली साखर चमच्याने फोडली की खाली गार, मऊ थर लागतो. मध घातलेले ‘मातो’ हे ताजे चीज त्याहून साधे असते आणि भरपेट मांसाहारानंतर मला तेच अधिक रुचले.

स्पेनमध्ये दुपारचे जेवण एक-दीडनंतर आणि रात्रीचे आठ-नऊनंतर सुरू होते, तेव्हा आपल्या वेळेला भूक लागली तर हातात काही खाऊ ठेवावा. जागा आधी राखून जावे, लिसेऊ मेट्रो स्थानकावर उतरावे, आणि दोघे असाल तर एक कानेलोन्स व एक रस्सा मागवून वाटून खावे.