बसायचं आहे, पण दारू नको: टीएचसीच्या कॅनचा अनुभव

दारू सोडून मला सोळा महिने झाले. दोन ग्लास वाइन घेतली की पहाटे तीनला टक्क जाग यायची आणि दुसरा दिवस डोकं धरून जायचा, म्हणून सोडली. सोडणं जड गेलं नाही. जड गेलं ते शनिवारी रात्री सगळ्यांबरोबर बसणं. प्रत्येकाच्या हातात काहीतरी असायचं, माझ्या हातात पाणी. "तुला खरंच काही नको?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की मी जाणंच बंद केलं. माणसं तुटायला लागली तेव्हा गांजाच्या पेयाकडे वळले: गांजातलं नशा आणणारं द्रव्य, म्हणजे टीएचसी, घातलेलं कॅनमधलं पेय. आम्ही राहतो तिथे ते परवाना असलेल्या दुकानात कायदेशीर मिळतं. जिथे बंदी आहे तिथल्यांनी हे वाचून सोडून द्यावं.

आधी गमी, म्हणजे टीएचसी घातलेल्या चघळायच्या गोळ्या, आणल्या होत्या, प्रत्येकी दहा मिलिग्रॅमच्या. बैठकीला त्या अजिबात कामाच्या नाहीत. पाऊण तास झाला तरी काही होईना, म्हणून माझ्या नवऱ्याने दुसरी खाल्ली. दीड तासाने दोन्ही एकदम चढल्या. रात्रभर तो सोफ्यावर गप्प, छातीत धडधडतंय म्हणून मला सारखी नाडी बघायला लावत होता. खाल्लेलं टीएचसी पोटातून यकृतात जातं आणि तिथे त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं. ते मेंदूत सहज शिरतं आणि तासन् तास उतरत नाही. दोन गमींच्या मध्ये किमान दोन तास हवेत, हे मला त्या रात्री कळलं.

कॅनचं गणित वेगळं आहे. टीएचसी तेलात विरघळतं, पाण्यात नाही. म्हणून पेय बनवणारे त्याचे अतिसूक्ष्म थेंब करून ते पाण्यात मिसळतात, आणि त्यामुळे ते शरीरात लवकर शोषलं जातं. मी घड्याळ लावून पाहिलं: पहिल्या घोटापासून वीस-पंचवीस मिनिटांत खांदे सैल पडले, तीन तासांत सगळं ओसरलं. बैठकीला हेच हवं असतं. घोट घेत बोलता येतं, आणि आपण कुठे आहोत ते कळत राहतं.

अडीच, पाच आणि दहा मिलिग्रॅम, तिन्ही आम्ही वेगवेगळ्या शनिवारी घेऊन पाहिले. (संशोधनासाठी अमेरिकेत २०२१ पासून पाच मिलिग्रॅम हे एक प्रमाण माप धरतात, त्यावरून अंदाज यावा.) दहाची रात्र मला विसरता येत नाही. जाऊबाई त्यांच्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत होत्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "मी काय सांगत होते?" आम्ही पाच जण होतो, कुणालाच आठवेना. टीएचसी पेशींवरच्या ज्या सीबी१ ग्राहींना, म्हणजे द्रव्याला पकडून परिणाम घडवणाऱ्या जागांना, चिकटतं ते ग्राही मेंदूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे ताजी आठवण जिथे बांधली जाते तिथे, दाटीने असतात. कारण समजलं, पण ती गोष्ट अर्धीच राहिली याचं मला अजून वाईट वाटतं. पाचला धागा टिकतो, मात्र दुसरा कॅन उघडू नये. अडीचला हसू मोकळं होतं, बोलणं शाबूत राहतं. आमचं माप अडीच.

चव? लिंबाचा कॅन बरा, थंडगार असेल तर. कोमट झाला की ओल्या गवतासारखा कडवटपणा जिभेवर बसतो. एक जुना कॅन अगदी फिका लागला, काही जाणवलंच नाही. टीएचसी कॅनच्या आतल्या अस्तराला चिकटून राहू शकतं, त्यामुळे तारीख बघूनच घ्यावा.

दारूच्या बैठकीत रात्री दहानंतर आवाज चढतात आणि एकमेकांचं बोलणं तोडलं जातं. इथे मधे मधे शांतता येते आणि ती कुणाला खुपत नाही. भांडण अजून एकदाही झालेलं नाही. सकाळी उठले की डोकं जागेवर असतं. दारूला कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांनी कर्करोग होतो हे नक्की ठरलं आहे त्यांच्यात, १९८८ मध्येच टाकलं आहे, हे मी वाइन पीत असताना मला कुणी सांगितलं नव्हतं.

तरीही हे सरबत समजू नका. याचीही सवय लागते, म्हणून मी शनिवारशिवाय कॅन उघडत नाही. गरोदरपणी नको, विशीच्या आतल्यांना नको, घरात कुणाला मनोविकृतीचा आजार असेल तर मुळीच नको. दारूबरोबर तर कधीच नको: दारूमुळे रक्तातलं टीएचसी आणखी वाढतं. धाकट्या दिरांनी दोन बिअरवर एक कॅन घेतला आणि पांढरेफटक पडून तासभर न्हाणीत ओकत बसले.

मेंदू स्वतःही टीएचसीसारखं काम करणारं एक द्रव्य बनवतो. १९९२ मध्ये ते सापडलं तेव्हा शोधणाऱ्यांनी त्याचं नाव संस्कृतातल्या 'आनंद'वरून आनंदामाइड ठेवलं. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं, का ते नीट सांगता येत नाही.

येत्या शनिवारी सहा जण आहोत. अडीचचे सहा कॅन फ्रिजमध्ये आहेत. आल्याबरोबर गाड्यांच्या किल्ल्या माझ्याकडे द्यायच्या, हे सगळ्यांना कळवलं आहे. जाऊबाईंना वेगळा फोन केला. ती गोष्ट पहिल्यापासून सांगणार आहेत.