फ्लॅट क्रमांक असेल तरच नागरिक: एका परिसर-सहभाग अ‍ॅपचा चार महिन्यांचा अनुभव

केंद्राने 2015 मध्ये सुरू केलेल्या स्मार्ट सिटी अभियानाच्या 100 शहरांत मुंबई नाही, तरी घाटकोपरच्या आमच्या भागात गेले चार महिने वापरात असलेल्या एका खासगी अ‍ॅपच्या पहिल्याच पानावर ‘सर्वांचा स्मार्ट परिसर’ असे लिहिलेले आहे. नाव देत नाही. रहिवाशांनी रस्ते, पदपथ, कचरा यांविषयी तक्रारी आणि सूचना नोंदवाव्यात, एवढेच त्याचे काम. त्यातील मराठी स्वच्छ आहे, आणि एकाच जागेच्या तक्रारी एकत्र जोडल्या जात असल्यामुळे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या उघड्या गटारावर नऊ दिवसांत झाकण बसले, हे मान्य करावे लागेल.

तरीही मी पाचपैकी दोनच तारे देईन. सोसायटीचे नाव आणि फ्लॅट क्रमांक भरल्याशिवाय नोंदणी पुढे सरकत नाही. 2011 च्या जनगणनेत मुंबईची सुमारे 42 टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत राहणारी होती. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी पत्त्याच्या रकान्यात ‘टेकडीवर, दुसऱ्या नळाच्या मागे’ असे तीनदा लिहिले आणि तिन्ही वेळा ते नाकारले गेले. तिसऱ्या मजल्यावरील काकांना दिसत नाही, ते फोन ऐकून चालवतात; या अ‍ॅपमध्ये त्यांना ‘बटण, बटण, बटण’ एवढेच ऐकू येते, आणि तक्रारीला छायाचित्र जोडणे तर सक्तीचे आहे. डिजिटल सेवा दिव्यांगांना वापरता याव्यात, असे 2016 चा कायदा सांगतो.

पदपथावरील फेरीवाले हटवावेत का, यावर अ‍ॅपने कौलही घेतला. 2014 च्या कायद्याने पथविक्रेता समितीत विक्रेत्यांना किमान 40 टक्के जागा दिल्या असताना येथे कोपऱ्यावरच्या भाजीवालीला विचारलेच गेले नाही. कौल देणाऱ्यांपैकी निम्मे तिच्याचकडून कोथिंबीर घेतात, ते सोडा.

याच घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये रहिवाशांनी एकत्र येऊन कचरा वेगळा करण्याचे काम उभे केले होते आणि 1997 मध्ये पालिकेने एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) ही रहिवाशांनी पालिकेसोबत आपला परिसर सांभाळण्याची योजना सुरू केली. तेव्हा हातात फोन नव्हते. ते आठवून गेल्या रविवारी आम्ही टेकडीवरच्या नळाशेजारी वस्तीचा कागदी नकाशा लावला. पहाटे पाणी येण्याच्या वेळेत त्यावर तेवीस नोंदी झाल्या. त्या अ‍ॅपमध्ये मी माझ्या फ्लॅट क्रमांकावर भरल्या असून, तेथील हिशेबात त्या सर्व एकाच नागरिकाच्या दिसतात.