कानातला सिनेमा: इंदूरच्या मल्टिप्लेक्समधलं ऑडिओ डिस्क्रिप्शन

विजयनगर असो की एबी रोड, इंदूरच्या मल्टिप्लेक्समध्ये दृष्टिहीन प्रेक्षकाला आता पडद्यावर काय दिसतंय याचं वर्णन स्वतःच्या फोनवर ऐकत सिनेमा बघता येतो. अट एकच, त्या सिनेमाचा वर्णनाचा ट्रॅक निघालेला हवा. थिएटरला वेगळं यंत्र बसवावं लागत नाही, म्हणून तर ही सोय मुंबईत अडकून न पडता इथपर्यंत आली. सोय चालते की नाही, हे बघूच. पण खरं तपासायचं आहे ते दुसरंच: पडद्यावर अपंगत्व असलेलं पात्र आलं की कानातला आवाज त्याच्याविषयी काय बोलतो? डोळस माणूस पात्र बघून आपलं मत आपण करतो. दृष्टिहीन प्रेक्षकापुढे ते पात्र निवेदकाच्या शब्दांतूनच उभं राहतं. दिग्दर्शकाने कटाक्षाने टाळलेली कीव निवेदकाने एका विशेषणात परत आणली, तर त्या प्रेक्षकाने वेगळाच सिनेमा पाहिलेला असतो.

आधी चालतं कसं ते. एक्सएल सिनेमा, मूव्हीबफ ॲक्सेस अशी ॲप आहेत. घरच्या वाय-फायवर सिनेमाचं नाव शोधून ट्रॅक उतरवून ठेवायचा. हॉलमध्ये ॲप सुरू केलं की फोनचा माइक पडद्याचा आवाज ऐकतो, सिनेमा कुठवर आलाय ते ओळखतो आणि नेमकं तिथूनच वर्णन इयरफोनमध्ये सुरू होतं. उशीर होऊन सुरुवातीची दहा मिनिटं हुकली तरी बिघडत नाही.

बिघडतं ते बहुतेक वेळा माइकपायी. ब्लूटूथ बड्स लावले की काही फोन स्वतःचा माइक सोडून बड्सचा माइक धरतात. तो कानाशी, बोलणाऱ्याचा आवाज टिपण्यासाठी बसवलेला. त्याला हॉलचा आवाज धड कळत नाही आणि वर्णनही फोनवर बोलल्यासारखं चपटं ऐकू येतं. वायरचा इयरफोन बरा. त्याच्या वायरवर माइक असेल तर तो शालीखाली किंवा जाकिटाच्या आत जाऊ देऊ नका. इयरफोन एकाच कानात घाला, दुसरा हॉलसाठी मोकळा ठेवा. ॲपला माइकची परवानगी घरीच देऊन टाका, कारण अंधारात टॉकबॅकवर, म्हणजे अँड्रॉइड फोनचा पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, ती खिडकी शोधत बसणं म्हणजे पहिला प्रसंग गेलाच. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, नाहीतर ऐन क्लायमॅक्सला टॉकबॅक कुणाचा तरी गुड नाइटचा मेसेज वाचून दाखवेल. आयफोनवर व्हॉइसओव्हर ही तशीच सोय चालू असताना तीन बोटांनी तीनदा टॅप केलं की फोनचा पडदा काळा होतो, मग मागच्या रांगेतून ‘भिया, मोबाइल बंद करो’ ऐकावं लागत नाही. इंटरव्हलनंतर वर्णन भरकटलंय असं वाटलं तर ॲपला आवाज नव्याने पकडायला लावा. प्रदर्शनानंतर सिनेमात काटछाट झाली असेल तरीही जुना ट्रॅक पुढेमागे होतो. अशा वेळी थिएटरला बोल लावण्यात अर्थ नाही, नवीन ट्रॅक आलाय का ते बघायचं.

तंत्राला म्हणून चांगले गुण. शब्दांना मात्र हात आखडूनच.

चांगल्या वर्णनाचे नियम जगभर साधारण सारखे आहेत. दोन संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत बोलायचं, वर्तमानकाळात बोलायचं, दिसतं ते सांगायचं, अर्थ प्रेक्षकावर सोडायचा. हिंदी वर्णनांत पहिल्या दोन गोष्टी बऱ्यापैकी जमल्यात. तिसरी जमते ती अपंग पात्र येईपर्यंत. इतर पात्रं ‘दार उघडतात’, ‘वळून बघतात’. अपंग पात्र आलं की क्रियापदाला शेपूट फुटतं: ‘बड़ी मुश्किल से’, ‘बेबस होकर’, ‘लाचार आँखों से’. मुश्किल दिसते कशी? कपाळावरचा घाम दिसतो, कठड्यावर आवळलेली बोटं दिसतात. तेवढंच सांगावं. ‘लाचार’ हे काही दिसत नाही, ते निवेदकाच्या मनातलं असतं.

पांढऱ्या काठीचं उदाहरण घेऊ. काठी वापरायला शिकलेला माणूस ती खांद्याच्या रुंदीएवढ्या कमानीत डावी-उजवीकडे फिरवतो. उजवा पाय पुढे तेव्हा टोक डावीकडे, डावा पाय पुढे तेव्हा टोक उजवीकडे. नट अनेकदा म्हाताऱ्याच्या हातकाठीसारखी ती समोर आपटत जातो आणि डोळे एका जागी खिळवून ठेवतो. ही चूक सिनेमाची. पण वर्णनात दोन्हींसाठी एकच वाक्य येतं, ‘छड़ी टेकते हुए चलता है’. ज्याने स्वतः काठीचं प्रशिक्षण घेतलंय त्याला पडद्यावरचं पात्र तयारीचं आहे की कालच काठी हातात घेतलेलं आहे, हे कळायला मार्गच राहत नाही. पात्र दुसऱ्याचं कोपर धरून चालतंय की दुसरा त्याला दंड धरून ढकलत नेतोय, हाही असाच फरक. पहिल्यात सूत्रं पात्राकडे आहेत, दुसऱ्यात नाहीत. तीन-चार शब्दांत सांगता येतं आणि नेमकं तेच गाळलं जातं. व्हीलचेअरचंही तसंच. हॉस्पिटलमधली मागून ढकलायची घडीची खुर्ची वेगळी आणि रोज वापरणाऱ्याची, मोठ्या चाकांच्या कडीला हात घालून स्वतः पळवायची खुर्ची वेगळी. दहा वर्षं खुर्ची वापरणारं पात्र हॉस्पिटलच्या खुर्चीत बसवलं असेल तर ते वर्णनातून कळायला हवं. सिनेमाने कुठे आळस केला, हे बघायचा हक्क दृष्टिहीन प्रेक्षकालाही आहेच की.

हा चोखंदळपणा उगाच नाही. ‘आंख मिचोली’ या हिंदी सिनेमातल्या चित्रणावरून अपंग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा सर्वोच्च न्यायालयात गेले. 8 जुलै 2024 च्या निकालात न्यायालयाने सिनेमाला हात लावला नाही, पण अपंगत्वाच्या चित्रणाची चौकट घालून दिली. हिणवणारे शब्द नकोत, अपंगत्व म्हणजे ‘ग्रासलेला’, ‘बळी’ अशी भाषा नको, एखाद्या विकाराचं वैद्यकीय चित्रण चुकीचं नको, सगळेच अपंग असामान्य शक्तीचे वीर ही दुसऱ्या टोकाची थापही नको आणि निर्णयात अपंग व्यक्तींचा सहभाग हवा. अपंगत्वाची समज वाढवणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला खाली पाडणारा वेगळा, हाही भेद तिथे केला आहे. या चौकटीवर वर्णनाची संहिता तपासली तर बरेच ट्रॅक ‘ग्रासलेला’पाशीच नापास होतील.

आता कॅप्शन. ऐकू न येणाऱ्यांसाठीच्या कॅप्शनमध्ये संवादाखेरीज कोण बोलतंय आणि कसले आवाज येताहेत, हेही हवं. साध्या सबटायटलमध्ये ते नसतं आणि बहुतेक ठिकाणी सबटायटललाच कॅप्शन म्हणून खपवतात. कर्णबधिर पात्राच्या बाजूने प्रसंग दाखवताना दिग्दर्शक आवाज एकदम बंद करतो. ऐकणाऱ्याच्या अंगावर येणारी ही जागा. तिथे ‘[आवाज बंद]’ लिहिलं नाही तर ज्याच्याविषयी तो प्रसंग आहे त्याच प्रेक्षकाला काही घडल्याचा पत्ता नसतो. सांकेतिक भाषेचे प्रसंग तर कॅमेराच खातो. हात, चेहरा आणि धड मिळून वाक्य होतं, पण फ्रेम चेहऱ्यापाशी कापली की अर्धं वाक्य पडद्याबाहेर. मग पात्र भारतीय सांकेतिक भाषा बोलतंय की नटाने जागच्या जागी बनवलेल्या खुणा करतंय, तेही ओळखता येत नाही.

मराठी सिनेमाचं काय? इंदुरात तो येतो तोच एखाद-दुसऱ्या शोपुरता, आणि वर्णन असलेला तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. कारण नियमातही होतं. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या 15 मार्च 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी एकाहून जास्त भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या सिनेमांना वर्णन-कॅप्शनसारख्या सोयी देण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली आणि बाकीच्यांना दोन वर्षांची. म्हणजे पाच भाषांत निघणारे मारधाडीचे सिनेमे आधी आणि एकाच भाषेतला मराठी सिनेमा सावकाश. अपंगत्वाकडे धीराने बघणारे बरेच सिनेमे मात्र या दुसऱ्या रांगेतले. इंदूरच्या मराठी माणसाला हिंदी वर्णन समजायला काहीच अडचण नाही, पण मराठी संवादांच्या मध्ये हिंदी निवेदन चालवून घ्यावं, असं कुणी सुचवू नये.

व्हीलचेअरने जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा: लिफ्टपासून आपल्या स्क्रीनच्या दारापर्यंत पायरी आहे का, आणि खुर्चीची जागा कुठल्या रांगेत आहे. ‘रॅम्प है’ एवढ्या उत्तरावर विसंबू नका, उतार 1:12 पेक्षा, म्हणजे बारा फुटांच्या लांबीला एक फूट चढापेक्षा, खडा असेल तर एकट्याने चढणं अनेकांना जमत नाही. जागा बहुधा अगदी पुढे मिळते, मान दुखते आणि कॅप्शन वाचताना डोळे या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवावे लागतात.

ऑडिओ डिस्क्रिप्शनसाठी काउंटरवर विचारण्यात वेळ घालवू नका, तिथल्या मुलांना बहुधा हे ठाऊक नसतं. ट्रॅक आहे की नाही हे ॲपवरच बघा, आणि नवा सिनेमा असेल तर शुक्रवारच्या पहिल्या शोऐवजी रविवारची सकाळ धरा. ट्रॅक एखादा दिवस उशिरा आला तरी तोवर हाती असतो. सिनेमा संपल्यावर खटकलेलं वाक्य वेळेसकट निर्मात्यांना कळवा: ‘इंटरव्हलनंतर बारावं मिनिट, लाचार हा शब्द’. नुसतं ‘वर्णन आवडलं नाही’ लिहिलं तर लेखकाला दुरुस्त करायला हाती काहीच लागत नाही.